पाकीट निवडण्याआधी मालाचा शत्रू ओळखा

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आज आपण पॅकिंगबद्दल बोलणार आहोत. म्हणजे आपली जवसाची चटणी, तुरीची डाळ, पापड, हळद, लोणचं ज्यात भरून आपण विकतो, त्या पिशवीबद्दल, बाटलीबद्दल आणि त्यावरच्या कागदाबद्दल.

गटांच्या बैठकीत आम्ही जातो तेव्हा चवीवर तासभर चर्चा होते. मीठ किती, लसूण किती, जवस किती भाजायचं, सगळं ठरतं. पाकिटाचा विषय निघाला की मात्र एवढंच ऐकू येतं: "दुकानातून आणू एखादी चांगली पिशवी." आता एक हिशेब करू. समजा, गटाने चटणीची १०० पाकिटं केली. एका पाकिटाला सगळा खर्च धरून ३८ रुपये लागले आणि ते ५० रुपयांना विकलं. पाकिटामागे १२ रुपये सुटले, म्हणजे १०० पाकिटांवर १,२०० रुपये. आता त्यातली १० पाकिटं फुटली, मऊ पडली किंवा खवट झाली. उरलेल्या ९० पाकिटांवर १,०८० रुपये मिळाले, पण खराब दहांचा खर्च ३८० रुपये वजा झाला. हातात राहिले ७०० रुपये. माल दहा टक्के खराब झाला, नफा चाळीस टक्क्यांहून जास्त गेला. कर्जाचा हप्ता ह्याच नफ्यातून जातो, म्हणून पाकीट ही शोभेची गोष्ट समजायची नाही.

चांगलं पाकीट म्हणजे महाग पाकीट, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. आपल्या मालाचा जो शत्रू आहे त्याला अडवणारं आणि त्याहून जास्त काही नसलेलं पाकीट ते चांगलं. म्हणून आधी शत्रू ओळखायचा.

आपल्या आज्या हे जाणत होत्या. डाळीला एरंडेलाचा हात लावायच्या, बियाणं राखेत ठेवायच्या, लोणचं चिनी मातीच्या बरणीत घालून वर फडकं बांधायच्या, पापड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायच्या. प्रत्येक वस्तूला वेगळी जागा, कारण प्रत्येकीचा शत्रू वेगळा. आपल्या मालाचे शत्रू मुख्यतः पाच: ओल, हवा, उजेड, कीड आणि धक्का.

पापड, कुरडया, सांडगे, शेवया यांचा पहिला शत्रू ओल. आषाढ-श्रावणात हवेतच इतकं पाणी असतं की उघडा पापड दोन दिवसांत नरम पडतो आणि नंतर त्याला बुरशी लागते. दुसरा शत्रू धक्का. पाकीट मोठं आणि पापड थोडे असले की ते आत हलतात आणि तुटतात. म्हणून पाकीट पापडाच्या मापाचंच हवं.

जवसाच्या चटणीचं वेगळं आहे. जवसात तेल भरपूर असतं आणि ते तेल नाजूक असतं. हवा, उजेड आणि ऊन मिळालं की ते लवकर खवट होतं. म्हणून जवसाची चटणी पारदर्शक पिशवीत भरून दुकानाच्या दारात उन्हाला टांगणं म्हणजे ती आपल्या हाताने खराब करणं. तिला उजेड न जाऊ देणारं, हवाबंद आणि लहान पाकीट लागतं. लहान एवढ्यासाठी, की उघडल्यावर घरात आठ-दहा दिवसांत संपावं. तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचंही साधारण असंच.

हळदीचा रंग उजेडाने उडतो आणि ओल लागली की तिचे गोळे होतात. तिखटाचंही तेच. तुरीच्या डाळीचा शत्रू कीड. कितीही भारी पिशवी आणली तरी डाळीत आधीच अंडी असतील तर किडे आतूनच निघतील. तिथे काम पिशवीच्या आधीचं आहे: नीट वाळवणं, चाळणं, निवडणं. लोणच्यात मीठ आणि आंबटपणा असतो, तो पत्र्याला खातो. म्हणून बाटली काचेची असली तरी झाकणाला आतून अस्तर आहे का ते बघायचं, नाहीतर महिन्याभरात झाकण गंजून लोणच्याला पत्र्याचा वास येतो.

आता पाकिटांचे प्रकार बघू. नुसता कागद ओल अडवत नाही आणि तेल शोषतो. साधी पॉलिथिनची पिशवी पाणी बऱ्यापैकी अडवते, पण हवेतला प्राणवायू आणि वास तिच्यातून हळूहळू ये-जा करतात. मसाल्याचं पाकीट बंद असूनही कपाट उघडलं की वास येतो ना, तो असाच. कुरकुर आवाज करणारी चकचकीत पिशवी असते ती पॉलिप्रॉपिलीनची. ती पापड-शेवयांना चालते. आतून चांदीसारखी दिसणारी थरांची पिशवी ओल, हवा, उजेड तिघांनाही अडवते, पण तिचे थर वेगळे करता येत नाहीत, म्हणून भंगारवाला ती घेत नाही. काच ओल आणि हवा अडवते, धुऊन परत वापरता येते, पण जड आहे आणि फुटते. ह्यावरून लक्षात येईल की पापडाला चांदीची पिशवी हा उगाच खर्च आहे, आणि जवसाच्या चटणीला साधी पॉलिथिन पुरत नाही.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. खाण्याची कोणतीही वस्तू वर्तमानपत्रात बांधून द्यायची नाही. छपाईची शाई खाण्यात उतरते, आणि देशाच्या अन्नसुरक्षा नियमांत त्याला मनाई आहे. दारूच्या, औषधाच्या, फवारणीच्या जुन्या बाटल्या तर कधीच वापरायच्या नाहीत, कितीही धुतल्या तरी.

पिशवी बरोबर निवडली तरी भरताना माल बिघडू शकतो. गरम चटणी किंवा गरम भाजलेला मसाला भरला की आत वाफ धरते, वाफेचं पाणी होतं आणि त्या पाण्याने बुरशी येते. म्हणून पूर्ण थंड झाल्यावरच भरायचं. पूड भरताना नरसाळं वापरा. पिशवीच्या तोंडाला पूड चिकटली तर सीलर मशीन कितीही दाबलं तरी तिथे सील बसत नाही. तोंड कोरड्या फडक्याने पुसा, मग सील करा. मशीनची आच जास्त झाली तर पिशवी जळते, कमी झाली तर नुसती चिकटल्यासारखी दिसते. दर वेळी पहिली पाच पाकिटं ओढून बघायची.

आता चार परीक्षा सांगतो. त्यांना मोठी यंत्रं लागत नाहीत.

पहिली बादलीची. सील केलेलं पाकीट बादलीतल्या पाण्यात बुडवा आणि हलकेच दाबा. बुडबुडे आले तर सील कच्चं. दर शंभरातली दोन-तीन पाकिटं अशी तपासायची.

दुसरी पडण्याची. पाकीट कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर टाका: एकदा सपाट, एकदा कोपऱ्यावर, एकदा तोंडावर. बाटली असेल तर खोक्यात भरलेली तपासा. एसटीत चढवताना-उतरवताना माल ह्याहून जास्त आपटतो.

तिसरी मिठाची. झाकणाचा मोठा डबा घ्या. आत वाटीत मीठ ठेवा आणि ते ओलं होईल एवढंच पाणी घाला. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. शेजारी उलट्या वाटीवर पापडाची दोन पाकिटं ठेवा, दोन वेगळ्या पिशव्यांतली. एक पापड उघडाच ठेवा. डबा घट्ट बंद करा. अशा ओल्या मिठाच्या डब्यात हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर टिकते, म्हणजे आपण आपल्या घरात पावसाळा आणला. आत ठेवण्याआधी पाकिटांचं वजन करून ठेवा. पंधरा दिवसांनी पुन्हा वजन करा. ज्याचं वजन जास्त वाढलं त्यात ओल शिरली. मग दोन्ही पाकिटांतले पापड भाजून, मोडून बघा. कोणती पिशवी घ्यायची हे तुम्हाला दुकानदाराला विचारावं लागणार नाही.

चौथी परीक्षा तारखेची. "तीन महिने टिकेल" असं दुसऱ्याच्या पाकिटावर बघून लिहायचं नाही. एकाच दिवशी केलेल्या मालाची दहा पाकिटं बाजूला ठेवा. दर पंधरा दिवसांनी एक उघडा. पाच जणींनी वास, रंग, चव बघायची आणि वहीत लिहायचं. पहिली तक्रार ज्या दिवशी आली त्याच्या बऱ्याच आधीची मुदत पाकिटावर टाकायची. पण जंतू जिभेला कळत नाहीत. म्हणून विक्री वाढवण्याआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत माल एकदा तपासून घ्यावा. ग्रामोद्योगांना मार्गदर्शन करणारी महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आपल्याला जवळ, वर्ध्यालाच आहे. आणि नुसत्या वेष्टनांचा अभ्यास करणारी भारतीय पॅकेजिंग संस्था मुंबईत १९६६ पासून आहे. म्हणजे हा विषय केवढा मोठा आहे ते बघा.

इथे लिज्जत पापडाची आठवण काढायलाच हवी. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल ८० रुपये, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम थांबलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी, आणि पावसाळ्यातही काम चालू. शत्रू ओळखला की उपाय असा घरातच सापडतो. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करत, एक स्वस्त आणि एक महाग. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांनी सल्ला दिला की एकच प्रत ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका. आज लिज्जतचं पाकीट कुठल्याही गावात घ्या, आत काय आहे ते उघडण्याआधी माहीत असतं. आपल्या गटात दहा घरी माल होत असेल तर दहाही घरचं मीठ-मसाल्याचं माप एक, पापडाची जाडी एक, वजन एक हवं. तसं नसेल तर सुंदर पाकीट गिऱ्हाइकाला एकदाच फसवेल, दुसऱ्यांदा ते येणार नाही.

आता लेबल. लेबल म्हणजे आपण गिऱ्हाइकाला लिहून दिलेला शब्द. त्यावर काय काय हवं ते वहीत उतरवून घ्या. वस्तूचं नाव. आत काय आहे त्याची यादी, जे वजनाने जास्त ते आधी. पोषणमूल्यांची माहिती. शाकाहारासाठी हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका. निव्वळ वजन, म्हणजे पिशवी सोडून नुसत्या मालाचं. बनवल्याची किंवा भरल्याची तारीख, वापरण्याची शेवटची तारीख, बॅच क्रमांक. सर्व करांसह कमाल किंमत. गटाचं नाव, पूर्ण पत्ता आणि तक्रारीसाठी फोन. अन्नसुरक्षा नोंदणीचं चिन्ह आणि १४ अंकी क्रमांक. शेंगदाणा, सोयाबीन, गहू, दूध यांपैकी काही असेल तर ते ठळक लिहायचं, कारण काही लोकांना त्याची ॲलर्जी असते आणि ती जिवावर बेतू शकते.

पुष्कळ गटांना माहीत नसलेली एक गोष्ट: ही माहिती कायद्याने इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लागते. मराठी त्याच्या जोडीला लिहिता येते आणि जरूर लिहावी, पण फक्त मराठीत छापलेलं लेबल नियमाला पुरत नाही. हजार लेबलं छापून घेतल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

बॅच क्रमांकाला घाबरू नका. कोणत्या दिवशी, कोणाच्या घरी, कोणता माल झाला हे वहीत लिहून त्याला दिलेला आकडा, एवढंच ते आहे. एखादं पाकीट खराब निघालं तर त्या दिवसाचा तेवढाच माल परत बोलावता येतो, सगळा नाही.

गावाचं नाव लेबलवर अभिमानाने टाका. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला आणि नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला त्यांच्या मातीमुळे भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण म्हणूनच दुसऱ्याच्या मातीचं नाव आपल्या मालावर लिहायचं नाही. वायगावची हळद नसेल तर वायगाव लिहिणं ही फसवणूक आणि गुन्हाही. मारेगावची तूर आहे, तर मारेगावची तूर असंच लिहू.

आता शेवटचा आणि आपल्या घरादाराशी लागलेला प्रश्न. रिकामं पाकीट जातं कुठे? शहरात निदान कचऱ्याची गाडी येते. आपल्याकडे ते उकिरड्यावर जातं, तिथून वाऱ्याने वावरात. ढोरं ते गिळतात आणि पोटात गोळा होऊन मरतात. चुलीत टाकलं तर त्याचा विषारी धूर आधी चुलीपुढे बसलेल्या बाईच्याच छातीत जातो. आणि आपला तर कापसाचा तालुका. वेचणीत कापसाबरोबर प्लास्टिकचा तुकडा, पोत्याचा धागा गेला तर तो रुईत मिसळतो, सुतात जातो, कापड रंगवताना तिथे डाग राहतो. अशा कापसाला गिरणी कमी भाव देते. म्हणजे गटाने बाजारात सोडलेली पिशवी फिरून आपल्याच कापसाचा भाव खाऊ शकते.

कायदाही लक्षात ठेवा. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी आली. पहिल्या वेळी सापडलं तर दंड ५,००० रुपये. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे चमचे, पेले, ताटल्या अशा एकदा वापरून फेकायच्या ठराविक वस्तूंवर बंदी आहे. मालाचं मूळ वेष्टन आणि बाजारात हातात दिलेली पिशवी यांचे नियम वेगळे आहेत. चटणीचं पाकीट प्लास्टिकचं असू शकतं, पण आठवडी बाजारात ती चार पाकिटं प्लास्टिकच्या हातपिशवीत घालून देता येत नाहीत. तिथे आपली कापडी पिशवी. कापूस पिकवणाऱ्या आणि शिलाई मशीन असलेल्या गटांनी दुसऱ्याची पिशवी विकत का आणायची?

पर्यावरणाच्या नावाखाली काय घ्यायचं, यातही डोळे उघडे हवेत. हल्ली प्रदर्शनांत खाकी कागदाची पाकिटं फार दिसतात. दिसायला गावरान, पण बहुतेकांना आतून प्लास्टिकचा किंवा चांदीचा थर असतो. कागद आणि प्लास्टिक चिकटवलेलं असल्याने ते ना रद्दीत जातं ना प्लास्टिकच्या भंगारात. त्यापेक्षा एकाच जातीच्या प्लास्टिकची साधी पिशवी बरी. पिशवीवर त्रिकोणात आकडा असतो. ४ म्हणजे साधं पॉलिथिन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ही दोन्ही पुन्हा वितळवता येतात. ७ म्हणजे इतर किंवा मिसळलेलं, ते टाळता आलं तर टाळा. "मातीत विरघळणारी पिशवी" म्हणून जी विकतात, त्यातल्या पुष्कळ पिशव्यांना कुजायला कारखान्यातल्या खताच्या ढिगाची उष्णता लागते. आपल्या उकिरड्यावर ती तशीच पडून राहू शकते. विकणाऱ्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र मागा.

मग करायचं काय? जवळची विक्री आणि लांबची विक्री वेगळी धरा. मारेगावात, वणीत, ओळखीच्या घरी जाणारं लोणचं काचेच्या बाटलीत द्या आणि बाटली परत आणणाऱ्याला पाच रुपये सूट द्या. परत आलेली बाटली गरम पाण्याने धुऊन, उकळून, पूर्ण वाळवूनच भरायची. डाळ, तांदूळ गिऱ्हाइकाच्या डब्यात मोजून द्या. त्याच दिवशी खाऊन संपणाऱ्या पदार्थांना पळसाचा द्रोण आणि पत्रावळ आहेच, ते खाऊन झाल्यावर खतात जातात. यवतमाळला, नागपूरला किंवा मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाला जाणाऱ्या मालाला पक्कं पाकीट द्या, तिथे काटकसर नको. माल वाटेत खराब होऊन फेकला गेला तर त्यामागची शेती, पाणी, जळण आणि बायांची मेहनत सगळंच वाया जातं. ते नुकसान पिशवीच्या कचऱ्याहून मोठं आहे.

पैशाबद्दल दोन शब्द. छापील पाकिटं सहसा हजारांनी घ्यावी लागतात. पत्ता बदलला, किंमत वाढली की ती रद्दी. सुरुवातीला साधी पिशवी घ्या आणि त्यावर स्टिकर लावा. विक्री वर्षभर टिकली की छपाईचा विचार करा. एकट्या गटाने पिशव्या आणण्यापेक्षा ग्रामसंघातल्या चार-पाच गटांनी एकाच मापाच्या पिशव्या मिळून मागवल्या तर भाव कमी पडतो. आणि पिशवी, स्टिकर, सील करणारीची मजुरी, खोकं, हे सगळं किमतीत धरा. सील करायला बसलेल्या ताईचे दोन तास फुकटचे नसतात.

मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीसाठी एक काम देतो. वहीच्या एका पानावर पाच रकाने आखा: माल, त्याचा शत्रू, सध्याचं पाकीट, ते शत्रूला अडवतं का, आणि रिकामं झाल्यावर ते कुठे जातं. गटाच्या प्रत्येक वस्तूसाठी हे भरा. ज्या ओळीत उत्तर "माहीत नाही" येईल तिथे मिठाचा डबा मांडा, बादली आणा आणि पंधरा दिवस द्या. त्यानंतर पिशवीवाल्याकडे जाल तेव्हा "चांगली पिशवी द्या" असं म्हणणार नाही. आपल्याला कोणती हवी आणि का हवी, हे तुम्हीच त्याला सांगाल.

तुमच्या वहीत काय निघालं ते आम्हाला कळवा. पुढच्या भाषणात त्यावर बोलू. तोवर नमस्कार.